ट्रान्सफर केसमधील बदलाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण

प्रास्ताविक

चारही चाकांना इंजिनाची चालना देणाऱ्या वाहनात, म्हणजे व्यवहारात ज्याला फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणतात अशा गाडीत, गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी बसविलेली असते. तिला ट्रान्सफर केस असे नाव आहे. तिच्याकडे कामे दोन. गिअरबॉक्समधून आलेली चालना पुढच्या व मागच्या अशा दोन्ही अ‍ॅक्सलांकडे पोचविणे हे पहिले काम. आणि चढण, चिखल किंवा रेती यांतून मार्ग काढताना वेग कमी करून चाकांवरील जोर वाढविणे हे दुसरे. ही दोन्ही कामे पूर्वी चालकाच्या हातातील दांड्यांनी होत असत. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी यासाठी दोन स्वतंत्र दांडे होते : एक पुढचा अ‍ॅक्सल जोडण्याचा, दुसरा मंद व शीघ्र पल्ला निवडण्याचा. १९४७ पासून मुंबईत ज्या जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली त्यांमुळे हे दांडे महाराष्ट्रातील चालकांच्या व कारागिरांच्या चांगल्या परिचयाचे झाले.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही गाड्यांत या दांड्यांची जागा बटनाने घेतली. बटन दाबले की पेटीवर बसविलेली एक लहान विद्युत् मोटर फिरते आणि आतील बदल घडवून आणते. बोर्ग-वॉर्नर या कंपनीची १३५४ या क्रमांकाची ट्रान्सफर केस हे या पद्धतीचे बरेच प्रसार पावलेले उदाहरण होय. पुण्यात तयार झालेल्या टाटा सफारीच्या चारही चाकांना चालना असलेल्या प्रकारांतही याच कंपनीची विद्युत् बदलाची रचना वापरलेली होती. वरवर पाहता ही केवळ सोय वाटते. हाताचे काम मोटरीने केले, इतकेच. परंतु चालकाचा हात दांडा नुसता ढकलीत नव्हता. दांडा अडतो आहे, दाते घासत आहेत, स्लीव्ह पुरती बसली, हे सर्व तळहाताला कळत असे आणि त्याप्रमाणे चालक जोर कमीअधिक करीत असे. मोटरीला तळहात नाही. म्हणून हाताची शक्ती पुरविणे हा या नियंत्रणातील सोपा भाग आहे. हाताला जे ज्ञान होत असे ते अन्य मार्गाने मिळविणे हा अवघड भाग आहे. या दुसऱ्या भागाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बदल अडतो कशामुळे?

साध्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलांमध्ये डिफरन्शियल नसते. चारही चाकांची चालना जोडली की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात व त्यांना एकाच वेगाने फिरावे लागते. गाडी सरळ जात असता यात अडचण नाही. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. समजा, दोन्ही अ‍ॅक्सलांमधील अंतर २.५ मीटर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत आहे. तर पायथागोरसाच्या सिद्धांतानुसार पुढच्या अ‍ॅक्सलाच्या मध्याची त्रिज्या ६.५ मीटर येते. एका पूर्ण फेरीत मागचा मध्य सुमारे ३७.७ मीटर व पुढचा सुमारे ४०.८ मीटर अंतर जातो. फरक तीन मीटरांहून अधिक पडतो. रेतीत किंवा चिखलात चाके थोडी घसरून हा फरक आपोआप भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरत नाहीत. त्यामुळे शाफ्टांमध्ये पीळ भरत जातो.

पुढचा शाफ्ट जोडण्याचे काम आतून दाते असलेली एक सरकती स्लीव्ह करते. पीळ भरलेल्या स्थितीत स्लीव्हचे दाते शेजारच्या दात्यांवर इतक्या जोराने दाबलेले असतात की घर्षणामुळे स्लीव्ह मागे ओढली जात नाही. दांडा वापरणारा जाणता चालक अशा वेळी गाडी थोडी मागे घेतो. पीळ उतरतो आणि दांडा अलगद सुटतो. याच्या उलट, जोडताना दुसऱ्या प्रकारचा अडथळा येतो. दात्यासमोर खाच न येता दाता आला, तर स्लीव्ह पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे स्लीव्ह घालताना आणि काढताना, दोन्ही वेळा काही काळ वाट पाहावी लागण्याची शक्यता असते. हा काळ किती असेल हे आधी सांगता येत नाही. मोटरीच्या नियंत्रणातील बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून उत्पन्न होतात.

मोटर, वर्म आणि कॅम

पेटीच्या पाठीवर बसविलेली मोटर १२ व्होल्ट दाबाची, कायम चुंबकाची, एकदिश प्रवाहावर चालणारी असते. ती वेगाने फिरते, परंतु तिचा जोर अल्प असतो. म्हणून तिच्या शाफ्टवर वर्म व पुढे दंतचक्रे योजून वेग उतरविलेला असतो. शेवटचा शाफ्ट एका कॅमला फिरवितो. या कॅमवर खोबणी कोरलेली असते आणि तिच्यात अडकलेले फोर्क कॅम फिरला की पुढेमागे सरकतात. एक फोर्क पुढचा अ‍ॅक्सल जोडणारी स्लीव्ह हलवितो, दुसरा पल्ला बदलणारी. खोबणीचा आकार असा ठेवलेला असतो की कॅमच्या एकाच दिशेच्या फिरण्यात दोन चाकांची चालना, चार चाकांची शीघ्र चालना, न्यूट्रल आणि चार चाकांची मंद चालना या स्थिती क्रमाने याव्यात. दोन दांड्यांमुळे जो चुकीचा क्रम घडणे शक्य होते तो येथे यंत्ररचनेनेच वर्ज्य केलेला आहे.

वर्म योजण्यात आणखी एक लाभ आहे. एका आट्याचा वर्म चक्राला फिरवू शकतो, परंतु चक्र सहसा वर्माला फिरवू शकत नाही. त्यामुळे हव्या त्या स्थितीत कॅम आला की प्रवाह बंद केला तरी चालते. धक्क्यांनी किंवा कंपनाने तो मागे सरकत नाही.

वाट पाहण्याचा प्रश्न मात्र वर्माने सुटत नाही. त्यासाठी मोटर व फोर्क यांच्यामध्ये एक स्प्रिंग घातलेली असते. स्लीव्ह अडलेली असली तरी मोटर आपला ठरलेला कोन पुरा करते. जी हालचाल स्लीव्हने करावयाची ती स्प्रिंगमध्ये साठविली जाते. पुढे गाडी किंचित हलली, पीळ उतरला किंवा दात्यासमोर खाच आली की स्प्रिंग आपण होऊन स्लीव्ह बसविते. दांड्यावर हलका दाब ठेवून थांबलेल्या तळहाताचे काम येथे स्प्रिंग करीत असते.

स्थितीचे ज्ञान

कॅम कोठे आहे हे नियंत्रकाला कळल्याखेरीज त्याला मोटर थांबविता येणार नाही. यासाठी शेवटच्या शाफ्टवर एक चकती बसवितात. तिच्यावर संपर्कपट्ट्यांचे तीन किंवा चार मार्ग असून प्रत्येक मार्गावर एक ब्रश टेकलेला असतो. ब्रशाखाली पट्टी असेल तर १ आणि नसेल तर ० असा संकेत मिळतो. तीन मार्गांपासून ० व १ यांच्या आठ जुळण्या होतात.

या जुळण्या नेहमीच्या द्विमान क्रमाने मांडल्या, तर एक अडचण उद्भवते. ०११ नंतर १०० येताना तिन्ही अंक एकाच क्षणी बदलावे लागतात. प्रत्यक्षात तिन्ही ब्रश तंतोतंत एकाच क्षणी पट्टी ओलांडीत नाहीत. मध्ये क्षणभर १११ किंवा ००० असा भलताच संकेत मिळू शकतो. तो खरा मानून नियंत्रकाने मोटर थांबविली तर कॅम अधांतरी राहील. यावरील उपाय बेल लॅबोरेटरीमधील फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना त्याबद्दल १९५३ साली पेटंट मिळाले. त्यात जुळण्यांचा क्रम ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १०० असा ठेवतात. शेजारच्या कोणत्याही दोन जुळण्यांत एकच अंक वेगळा आहे, हे वाचकाच्या लक्षात येईल. त्यामुळे ब्रश मागेपुढे झाला तरी चूक एका घराहून अधिक होत नाही.

या क्रमाचा आणखी एक उपयोग होतो. कॅम एका घरातून शेजारच्याच घरात जाऊ शकतो. तेव्हा संकेताने मधले घर ओलांडून एकदम उडी घेतली, तर कॅमने उडी घेतलेली नसून संपर्क बिघडलेला आहे, असा निष्कर्ष निघतो. चिखलपाण्यातून जाणाऱ्या गाडीच्या पोटाखाली असलेल्या या भागात पाणी शिरून पट्ट्या गंजणे ही अशक्य गोष्ट नव्हे. म्हणून संकेत वाचण्याइतकेच त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविणेही महत्त्वाचे आहे.

मोटर थांबविण्याचे तंत्र

मोटर सुरू करणे सोपे आहे, नेमक्या जागी थांबविणे तितके सोपे नाही. उदाहरणादाखल असे धरू की मोटर मिनिटाला २४०० फेरे करते आणि वेग एकंदर शंभरपट उतरविलेला आहे. तर शेवटचा शाफ्ट मिनिटाला २४ फेरे, म्हणजे सेकंदाला १४४ अंश फिरेल. ७२ अंशांच्या बदलाला अर्धा सेकंद पुरेल. आता प्रवाह तोडल्यावर मोटर आपल्या वेगाच्या भरात आणखी चार फेरे फिरली, तर शेवटचा शाफ्ट १४ अंशांहून अधिक पुढे जाईल. हव्या त्या स्थितीची पट्टी यापेक्षा अरुंद असेल, तर कॅम ती ओलांडून जाईल. नियंत्रक त्याला उलट फिरवील, पुन्हा तो ओलांडील, आणि मोटर अशीच मागेपुढे झोके घेत राहील.

हे टाळण्यासाठी मोटरीचाच ब्रेक म्हणून उपयोग करतात. प्रवाह तोडून मोटरीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली, की फिरती मोटर जनित्र बनते. तिच्यात उत्पन्न होणारा प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो आणि ती अल्पावधीत थांबते. दोन रिले वापरणाऱ्या जुन्या मंडलात हे विनासायास साधते. दोन्ही रिले मोकळे असताना मोटरीची दोन्ही टोके गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असतात. पुढील काळात रिलेंच्या जागी ट्रान्झिस्टरांचे चार बाजूंचे मंडल आले. त्यात प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडून-तोडून मोटरीचा वेग हवा तसा कमी करता येतो, आणि मुक्काम जवळ आला की मोटर सावकाश नेता येते.

विद्युत्दाबही स्थिर नसतो. इंजिन सुरू होण्याच्या क्षणी बॅटरीचा दाब खूप खाली उतरतो; जनित्र चालू असता तो १४ व्होल्टांच्या आसपास असतो. थंडीत पेटीतील तेल घट्ट होते, उष्णतेत तारांचा रोध वाढतो. अर्थात् ‘अमुक इतका वेळ प्रवाह द्यावा’ असा नियम टिकू शकत नाही. दर वेळी स्थिती पाहूनच निर्णय घ्यावा लागतो; वेळेचा उपयोग फक्त ‘इतक्या अवधीत काम झाले नाही, तर काही बिघडले आहे’ हे ओळखण्यापुरता राहतो.

अडलेली मोटर

स्प्रिंगचीही मर्यादा असते. आतील भाग खरोखर जखडलेले असतील, तर मोटर अडते. अशा मोटरीचे काय होते हे साध्या गणिताने पाहता येते. तिचा रोध ०.६ ओहम आहे असे समजा. फिरत असताना ती ४ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर रोधापायी २.४ व्होल्ट खर्च होतात, उरलेले ९.६ व्होल्ट मोटरीच्या फिरण्याने उत्पन्न झालेल्या विरोधी दाबाशी समतोल राखतात. तिच्या तारांत या वेळी ९.६ वॉट उष्णता निर्माण होते. मोटर अडली की विरोधी दाब नाहीसा होतो. आता १२ व्होल्टांना तोंड द्यावयास केवळ रोधच उरतो. प्रवाह २० अँपिअरवर जातो आणि उष्णता २४० वॉटवर, म्हणजे पंचवीसपट होते. हाताएवढ्या बंद डबीतील मोटर हा ताप फार वेळ सोसू शकत नाही.

परंतु याच गोष्टीत नियंत्रकाला एक साधन सापडते. प्रवाह वाढला याचा अर्थ विरोध वाढला. दांडा अडल्याचे जे ज्ञान तळहाताला होत असे, तेच आता प्रवाहाच्या मापाने होते. प्रवाह ठरावीक मर्यादेवर काही काळ राहिला, तर नियंत्रक मोटर थांबवितो, किंचित उलट फिरवून पुन्हा प्रयत्न करतो, आणि ठरलेल्या प्रयत्नांनंतरही यश आले नाही तर पूर्वीच्या स्थितीकडे परत जातो. कुशल चालक दांड्याशी जे वर्तन करीत असे, त्याच्याशी याचे साम्य उघड आहे.

चालत्या गाडीत जोडणी

दोन चाकांच्या चालनेत पुढची चाके पुढच्या शाफ्टापासून सोडविलेली असतील, तर तो शाफ्ट जवळजवळ स्थिर असतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे, चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर आहे आणि अ‍ॅक्सलातील दंतचक्रांचे गुणोत्तर ४ आहे असे धरले, तर मागचा शाफ्ट मिनिटाला सुमारे १८२० फेरे करीत असतो. स्थिर शाफ्टाचे दाते अशा वेगाने फिरणाऱ्या दात्यांत घुसविणे म्हणजे दोहोंचा नाश करणे होय. यासाठी १३५४ मध्ये एक विद्युत्चुंबकीय क्लच योजलेला आहे. बटन दाबल्यावर प्रथम हा क्लच पुढच्या शाफ्टाला क्षणार्धात वेग देतो. दोन्ही बाजूंचे वेग जुळले म्हणजे स्प्रिंगने रेटलेली स्लीव्ह आत बसते, आणि मग क्लचाचा प्रवाह बंद होतो. हे सर्व चालू असता चालकाला गाडी थांबवावी लागत नाही.

मंद पल्ल्याची गोष्ट निराळी. त्याचे गुणोत्तर १३५४ मध्ये २.४८ आहे, म्हणजे पल्ला बदलताना जुळणाऱ्या भागांच्या वेगांत सुमारे अडीचपट अंतर असते आणि ते मिटविणारा क्लच तेथे नसतो. म्हणून गाडी जवळजवळ थांबलेली असणे व गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबलेला असणे या अटी नियंत्रक स्वतः तपासतो. अटी पुऱ्या होत नाहीत तोवर बटनाची आज्ञा तो मान्य करीत नाही. बहुधा दिवा लुकलुकता ठेवून चालकाला तसे सुचवितो.

न्यूट्रलचा धोका

शीघ्र पल्ल्यातून मंद पल्ल्याकडे जाताना कॅमला न्यूट्रलमधून जावे लागते, हे वर सांगितलेच आहे. या स्थितीत गिअरबॉक्स व चाके यांचा संबंध पूर्णपणे तुटलेला असतो. गाडी घाटातील चढणीवर उभी आहे, चालकाने स्वयंचलित गिअरबॉक्स ‘पार्क’ मध्ये टाकला आहे किंवा साधा गिअरबॉक्स पहिल्या गिअरमध्ये ठेवला आहे, आणि तो निश्चिंतपणे खाली उतरतो. एरवी ही खबरदारी गाडीला धरून ठेवते. परंतु कॅम न्यूट्रलमध्येच अडकला असेल, तर पार्कचा अडसर किंवा इंजिनाचा विरोध चाकांपर्यंत पोचतच नाही. गाडी उतारावरून निघते. दांडा मधेच अडकला तर तो डोळ्यांना दिसत असे. पेटीवरील कॅम कोणाला दिसत नाही.

म्हणूनच या नियंत्रणाची खरी कसोटी बदल किती झटपट होतो ही नसून अर्धवट बदल किती निश्चितपणे ओळखला जातो ही आहे. त्यासाठी काही दंडक पाळले जातात. पुरा करण्याइतका विद्युत्दाब नसेल तर बदल सुरूच करू नये. सुरू केलेला बदल पुरा होत नसेल तर मधे न थांबता मूळ स्थितीला परत यावे. शेवटची निश्चित स्थिती अशा स्मृतीत नोंदवावी की जी बॅटरी काढली तरी पुसली जाणार नाही. चकतीच्या संकेतावर सर्वस्वी विसंबू नये. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टाचा वेग व ट्रान्सफर केसमधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टाचा वेग यांचे गुणोत्तर ताडून पाहावे. ते १ असेल तर शीघ्र पल्ला, २.४८ असेल तर मंद पल्ला खरोखर लागलेला आहे. इंजिनाने शाफ्ट फिरतो पण गाडी हलत नाही, तर न्यूट्रल. आणि इतके करूनही स्थिती अनिश्चित राहिली, तर ते लपवू नये. दिव्याने चालकाला कळवावे. हाताचा ब्रेक ट्रान्सफर केसच्या पलीकडे, चाकांवर काम करतो. त्यामुळे तो ओढण्याची सवय हा चालकाच्या बाजूचा अखेरचा आधार होय.

पुढील विकास

वरील रचनेत स्थिती मोजक्या आहेत. जोडलेले किंवा सुटलेले. याच मोटरीने अनेक चकत्यांचा क्लच कमीअधिक दाबला, तर पुढच्या चाकांकडे हवा तितकाच जोर पाठविता येतो. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९९८ च्या सुमारास आणि युरोपात बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत २००३ पासून अशा रचना आल्या. येथे मोटरीचा कोन हेच जोराचे माप ठरते. थोडा अधिक कोन म्हणजे थोडा अधिक दाब. त्यामुळे अचूकतेची गरज फार वाढते. एकाच साच्याच्या दोन क्लचांमध्येही सूक्ष्म फरक असतो. म्हणून बीएमडब्ल्यूच्या रचनेत प्रत्येक पेटीच्या मोटरीबरोबर तिचा वर्ग सांगणारा एक रोधक बसविलेला असतो. नियंत्रक तो प्रथम मोजतो आणि त्या पेटीला लागू पडणारे कोष्टक निवडतो. वापराने चकत्या झिजतात, तेव्हा दाब नेमका कोठून सुरू होतो हेही पुनःपुन्हा शोधावे लागते.

समारोप

येणेप्रमाणे दांड्याच्या जागी मोटर आणताना हाताच्या प्रत्येक गुणासाठी एकेक पर्याय योजावा लागला. जोरासाठी वर्म, धीरासाठी स्प्रिंग, स्पर्शासाठी प्रवाहाचे माप, स्थितीच्या जाणिवेसाठी संकेतांची चकती आणि विवेकासाठी नियंत्रकातील अटी. यांपैकी पहिले चार पर्याय यंत्रशास्त्राने व विद्युत्शास्त्राने सहज पुरविले. शेवटचा मात्र रचनाकाराला विचारपूर्वक लिहून काढावा लागतो. कारण कोणती आज्ञा पाळावी याबरोबरच कोणती आज्ञा पाळू नये हेही त्यात यावे लागते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीनेही हे विवेचन उपयोगी आहे. बदल होत नाही म्हणून प्रथम मोटरच बदलण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः बॅटरीचा दाब, गंजलेला संपर्क, अटींपैकी एखादी अपुरी राहणे, किंवा शाफ्टांत भरलेला पीळ यांतील कोणतेही कारण संभवते. शेवटच्या कारणावर उपाय मोफत आहे : गाडी चार हात मागे घ्यावी.